गोलाविना तीन सामने : २०२३चा आशियाई करंडक आणि भारतीय फुटबॉल

आशियाई करंडक फुटबॉल स्पर्धेची अठरावी खेप १२ जानेवारी ते १० फेब्रुवारी २०२४ या काळात कतारमध्ये झाली. ती ठरली होती २०२३च्या उन्हाळ्यात, चीनमध्ये. कोविडच्या निर्बंधांमुळे चीनने यजमानपद सोडले, स्पर्धा कतारकडे गेली आणि तिथल्या उन्हाळ्यात खेळणे शक्य नसल्याने ती पुढच्या जानेवारीत ढकलली गेली. नावात मात्र २०२३ हेच साल राहिले. २४ संघ, चार-चार संघांचे सहा गट, प्रत्येक गटातले पहिले दोन संघ आणि सहा तिसऱ्या क्रमांकांपैकी सर्वोत्तम चार संघ बाद फेरीत, अशी स्पर्धेची रचना होती. म्हणजे २४ पैकी १६ संघ पुढे जाणार आणि आठच घरी परतणार. त्या आठांत भारत होता. तीन सामने, तीन पराभव, सहा गोल स्वीकारलेले आणि एकही केलेला नाही, असा त्याचा हिशेब राहिला.

या स्पर्धेत भारताशिवाय आणखी एकाच संघाला गोल करता आला नाही, तो म्हणजे चीन. चीनने निदान दोन सामने बरोबरीत सोडवून दोन गुण मिळवले. व्हिएतनाम आणि हाँगकाँग यांनीही तिन्ही सामने गमावले, पण त्यांच्या नावावर गोल आहेत. गुणही नाही आणि गोलही नाही, अशी पाटी घेऊन परतलेला संघ भारताचा एकटाच.

भारताच्या गटात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया होते. स्पर्धेपूर्वीच्या जागतिक क्रमवारीत ऑस्ट्रेलिया २५वा, उझबेकिस्तान ६८वा, सीरिया ९१वा आणि भारत १०२वा. कागदावर गट कठीण होता, आणि पहिल्या दोन संघांविरुद्धचे पराभव अनपेक्षित म्हणता येणार नाहीत. तरीही आशा होती आणि तिला कारणही होते. २०२३ साली भारताने तीन स्पर्धा जिंकल्या होत्या : मार्चमध्ये इंफाळची तिरंगी स्पर्धा, जूनमध्ये भुवनेश्वरचा आंतरखंडीय करंडक आणि जुलैमध्ये बेंगळुरूची दक्षिण आशियाई अजिंक्यपद स्पर्धा. त्याच सुमारास संघ क्रमवारीत पहिल्या शंभरांत आला. नोव्हेंबरमध्ये विश्वचषक पात्रता फेरीत कुवेतला कुवेतमध्येच १-० असे हरवले, तो गोल मनवीर सिंगचा. या विजयानंतर सीरियाकडून गुण घेण्याची अपेक्षा करणे भाबडेपणाचे नव्हते.

पण त्या तीन करंडकांचे वजन नीट तोलायला हवे होते. तिन्ही स्पर्धा भारतात झाल्या. आंतरखंडीय करंडकातले प्रतिस्पर्धी मंगोलिया, वनुआतू आणि लेबनॉन होते. बेंगळुरूत कुवेतविरुद्धचे दोन्ही सामने १-१ असे सुटले आणि अंतिम सामना पेनल्टींवर जिंकला गेला. घराबाहेर पडताच चित्र बदलत होते. सप्टेंबरमध्ये थायलंडमधल्या किंग्ज करंडकात इराकशी २-२ बरोबरी होऊन पेनल्टींवर हार, मग लेबनॉनकडून ०-१. ऑक्टोबरमध्ये मलेशियात यजमानांकडून २-४. २१ नोव्हेंबरला भुवनेश्वरमध्येच कतारने भारताला ३-० ने हरवले. उन्हाळ्यातल्या विजयांनी जे झाकले गेले ते शरद ऋतूत उघडे पडू लागले होते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने मात्र ऑक्टोबरमध्ये प्रशिक्षक इगोर स्टिमॅच यांचा करार २०२६ पर्यंत वाढवला.

पहिला सामना १३ जानेवारीला अल रय्यानच्या अहमद बिन अली स्टेडियममध्ये ऑस्ट्रेलियाशी झाला. जपानच्या योशिमी यामाशिता यांनी या सामन्यात पंच म्हणून काम पाहिले. पुरुषांच्या आशियाई करंडकात महिला मुख्य पंच असण्याची ही पहिलीच वेळ. प्रेक्षागृहात कतारमध्ये नोकरी करणारे भारतीय हजारोंनी होते आणि आवाजाच्या बाबतीत सामना भारताच्याच मैदानावर चालला होता. संघाने जवळजवळ सगळा पूर्वार्ध आपल्या निम्म्या मैदानात काढला. बचावाच्या दोन रांगा एकमेकींना चिकटून, मधली फट बंद. संदेश झिंगन आणि मुंबईचा राहुल भेके मध्यभागी, उजव्या बाजूला मुंबईचाच निखिल पुजारी. या बचावाला पूर्वार्धात यश आले. ऑस्ट्रेलियाचे क्रॉस येत होते आणि परतवले जात होते. सोळाव्या मिनिटाला उलट भारतालाच संधी चालून आली. पुजारीने उजवीकडून टाकलेला चेंडू सुनील छेत्रीपर्यंत पोहोचला, छेत्रीने डोके घातले आणि चेंडू खांबाबाहेरून गेला. मध्यंतराला ०-०.

पन्नासाव्या मिनिटाला उजवीकडून आलेला क्रॉस गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूने मुठीने दूर मारण्याचा प्रयत्न केला. चेंडू दूर गेला नाही, पुढ्यात उभ्या असलेल्या जॅक्सन अर्व्हाइनकडे गेला आणि त्याने तो जाळ्यात मारला. ७३व्या मिनिटाला नुकत्याच मैदानात उतरलेल्या जॉर्डन बॉसने दुसरा गोल केला. ०-२ हा निकाल लाजिरवाणा नव्हता. २०११ साली याच ऑस्ट्रेलियाने भारताला ४-० ने हरवले होते. त्या रात्रीची चिंता दुसरीच होती. चेंडू पायात आला तरी पुढे न्यायचा कुणाकडे, हे संघाला ठाऊक नव्हते. बचाव शिकवून घेतलेला होता, चढाई शिकवलेली दिसत नव्हती.

पाच दिवसांनी त्याच मैदानावर उझबेकिस्तानविरुद्ध ही उणीव उघडी पडली. चौथ्या मिनिटाला अब्बोसबेक फैझुल्लाएव्हने हेडरवर गोल केला, अठराव्या मिनिटाला इगोर सर्गेएव्हने, आणि पूर्वार्धाच्या भरपाई वेळेत शेरझोद नसरुल्लाएव्हने. मध्यंतरालाच ०-३. उत्तरार्धात भारताने पुढे गोल होऊ दिला नाही, काही चांगल्या चढाया केल्या, पण उझबेकिस्तानला तोवर धावण्याची गरज उरली नव्हती. या सामन्याकडे तीनही सामन्यांत सर्वांत बारकाईने पाहायला हवे. ऑस्ट्रेलियाचे खेळाडू अंगाने मोठे आणि युरोपातल्या लीगमध्ये मुरलेले, तेव्हा त्यांच्यापुढे हार मान्य करता येते. उझबेकिस्तानचे खेळाडू भारतीयांहून उंच-धिप्पाड नव्हते. ते चेंडू येण्याआधी मान वळवून पाहत होते आणि पहिल्याच स्पर्शात चेंडू पुढच्या पासाच्या दिशेला ठेवत होते. भारतीय मध्यफळीतला खेळाडू चेंडू थांबवून मग वर पाहत असे, आणि तेवढ्यात दोन उझबेक त्याच्या अंगावर आलेले असत. हा फरक दोन आठवड्यांच्या शिबिरात भरून निघत नाही. तो दहाव्या-बाराव्या वर्षी पडलेला असतो.

तिसरा सामना २३ जानेवारीला अल खोरच्या अल बाइत स्टेडियममध्ये सीरियाशी झाला. दोन्ही संघांना विजयच हवा होता. भारताने या सामन्यात चेंडूवर बऱ्यापैकी ताबा ठेवला आणि पूर्वार्धात नाओरेम महेश सिंगचा एक चांगला फटका सीरियाच्या गोलरक्षकाने अडवला. उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच झिंगनला गुडघ्याच्या दुखापतीमुळे बाहेर जावे लागले आणि बचावाचा कणा गेला. ७६व्या मिनिटाला ओमर ख्रिबिनने गोल केला. ख्रिबिन २०१७ सालचा आशियातला सर्वोत्तम फुटबॉलपटू. त्याला दिवसभरात एखादीच जागा मिळाली तरी पुरते. भारताकडे असा खेळाडू एकच होता, आणि तो ३९ वर्षांचा होता.

सुनील छेत्रीच्या नावावर त्या वेळी ९३ आंतरराष्ट्रीय गोल होते. तेव्हा खेळत असलेल्या खेळाडूंत त्याच्या पुढे फक्त क्रिस्तियानो रोनाल्डो आणि लिओनेल मेस्सी. एवढे गोल करणारा खेळाडू लाभलेल्या देशाच्या संघाला तीन सामन्यांत एकही गोल होऊ नये, याचा अर्थ असा की संघाची सारी चढाई वीस वर्षे एका माणसाच्या भोवती फिरत राहिली आणि त्याच्या मागे दुसरा उभा केला गेला नाही. हा दोष छेत्रीचा नाही. या गोष्टीचे उत्तर क्लबांच्या कारभारात शोधावे लागते.

इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली तेव्हा प्रत्येक क्लबला मैदानात सहा परदेशी खेळाडू उतरवता येत. २०१७ पासून ही मर्यादा पाच झाली आणि २०२१ पासून चार. या चार जागा क्लब कुठे वापरतात ते पाहिले की गणित उलगडते. एक जागा मध्य बचावात, एक मध्यफळीच्या केंद्रात, एक स्ट्रायकरच्या मागे आणि एक थेट स्ट्रायकरच्या जागी. सामना जिंकून देणारा मैदानाचा मधला कणा परदेशी, आणि कडेचे पट्टे भारतीय. क्लबच्या दृष्टीने यात काही गैर नाही. गोल करणारा माणूस तयार व्हायला सात-आठ वर्षे लागतात, विकत आणायला एक करार पुरतो, आणि प्रशिक्षकाची नोकरी पुढच्या पाच सामन्यांवर अवलंबून असते. परिणाम असा की २०१४ पासून २०२४-२५ पर्यंतच्या अकरा हंगामांत सर्वाधिक गोलांचा मान एकाही भारतीयाला मिळाला नाही. एलानो, मेंडोझा, मार्सेलिन्हो, कोरो, ओगबेचे, दिआमांताकोस अशी ती नावांची रांग आहे.

कतारला गेलेल्या संघातल्या आघाडीवीरांकडे या नजरेने पाहावे. मनवीर सिंग मोहन बागानसाठी उजव्या पट्ट्यावर खेळतो. लालियानझुआला छांगटे मुंबई सिटीचा पट्ट्यावरचाच खेळाडू. ईशान पंडिता मूळचा स्ट्रायकर, पण क्लबकडून तो बहुतेक वेळा शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांपुरता उतरणारा. राहुल के.पी.ही कडेचाच. आठवडेन् आठवडे कडेने धावून परदेशी स्ट्रायकरला चेंडू पुरवणारे हे खेळाडू देशाच्या संघात आले की त्यांना गोलपेटीच्या मधोमध उभे राहून, दोन बचावपटू पाठीवर घेऊन गोल करायला सांगितले जाते. कोल्हापूरचा अनिकेत जाधव याच वाटेने गेलेला आहे. २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात तो आघाडीला खेळला. पुढे व्यावसायिक क्लबांत त्याला प्रामुख्याने बाजूच्या पट्ट्यावर वापरले गेले. फुटबॉलच्या वेडासाठी सबंध महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या शहरातून आलेल्या मुलालाही देशात स्ट्रायकर म्हणून वाढायला जागा सापडली नाही.

स्टिमॅच यांनी स्पर्धेपूर्वी मांडलेली तक्रार वेळापत्रकाची होती. त्यांना चार आठवड्यांचे शिबिर हवे होते. लीगचे सामने डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालले आणि संघ ३० डिसेंबरला दोहात दाखल झाला. पहिल्या सामन्याला दोन आठवडेच उरले होते. ही तक्रार खरी होती आणि तिच्या मागे एक आणखी वाईट उदाहरण ताजे होते. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोउच्या आशियाई क्रीडा स्पर्धेसाठी क्लबांनी खेळाडू सोडायला नकार दिला, संघाची यादी शेवटच्या क्षणापर्यंत बदलत राहिली, आणि अखेर जमवलेला संघ सामन्याच्या आदल्या संध्याकाळी चीनमध्ये उतरला. दुसऱ्या दिवशी यजमानांनी त्याला ५-१ ने हरवले. देशाचा संघ आणि देशाची लीग यांचे वेळापत्रक एकाच संस्थेच्या छत्राखाली ठरत असताना असे घडते, तेव्हा त्याला गैरसोय म्हणणे पुरेसे नाही. तो कारभाराचा दोष आहे. जानेवारीत संघ कतारमध्ये खेळत होता त्याच दिवसांत भुवनेश्वरमध्ये महासंघाचीच सुपर करंडक स्पर्धा चालू होती.

तरीही सगळा भार शिबिरावर टाकणे चूक ठरेल. २०११च्या आशियाई करंडकासाठी बॉब हॉटन यांच्या संघाला परदेशातली लांबलचक शिबिरे मिळाली होती, खेळाडू महिनोन् महिने क्लबांपासून दूर ठेवले गेले होते. तो संघही तिन्ही सामने हरला : ऑस्ट्रेलियाकडून ०-४, बहारीनकडून २-५, दक्षिण कोरियाकडून १-४. शिबिराने संघ एकत्र बांधता येतो, बचावाची शिस्त लावता येते. गोल करणारा खेळाडू शिबिरात घडत नाही.

दुखापतींचेही तसेच. मध्य बचावातला अन्वर अली, मध्यफळीतला जॅक्सन सिंग आणि डाव्या पट्ट्यावरचा आशिक कुरुनियन हे तिघेही कतारला जाऊ शकले नाहीत. तिघेही पहिल्या संघातले. त्यांच्या असण्याने उझबेकिस्तानविरुद्धचा पूर्वार्ध कदाचित इतका कोसळला नसता. पण तीन खेळाडू नसले की संघ उघडा पडतो, हीच मुळात गोष्ट सांगण्याजोगी आहे. गटातल्या इतर संघांकडेही जायबंदी खेळाडू होते.

आशियाई करंडकातला भारताचा पूर्वेतिहास लहान आहे. १९६४ साली इस्रायलमध्ये चार संघांच्या साखळीत भारत उपविजेता ठरला. दक्षिण कोरियाला २-० आणि हाँगकाँगला ३-१ असे हरवून, यजमानांकडून ०-२ ने हरून. भारतीय फुटबॉलचा तो उतरता सोनेरी काळ. दोन वर्षांपूर्वी जकार्तामध्ये आशियाई सुवर्णपदक मिळाले होते आणि १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान. त्या ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवले आणि त्यात मुंबईत खेळणाऱ्या गोवेकर नेव्हिल डिसोझाने तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये गोलांची त्रिकुटी साधणारा तो पहिला आशियाई. स्ट्रायकर घडवणे भारताला कधी जमलेच नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे नाव आठवावे.

१९६४नंतर वीस वर्षांनी, १९८४ साली सिंगापूरमध्ये, भारत पुन्हा या स्पर्धेत दिसला. इराणशी ०-० बरोबरी, बाकी तिन्ही सामने हार आणि गोल शून्य. मग २७ वर्षांची खाच आणि २०११. या सगळ्यांत जिवाला सर्वांत जास्त लागते ती २०१९ची स्पर्धा. संयुक्त अरब अमिरातीत भारताने पहिल्या सामन्यात थायलंडला ४-१ ने हरवले. यजमानांकडून ०-२ ने हार. शेवटच्या सामन्यात बहारीनशी बरोबरी झाली असती तरी बाद फेरी गाठता आली असती. ९० मिनिटे ती बरोबरी टिकली. भरपाई वेळेच्या पहिल्या मिनिटाला कर्णधार प्रणय हल्देरने गोलपेटीत प्रतिस्पर्ध्याला पाडले, जमाल राशिदने पेनल्टी मारली आणि भारत गटात चौथा झाला. प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाइन यांनी त्याच रात्री राजीनामा दिला. त्या संघाने एका सामन्यात चार गोल केले होते आणि त्याचे बाहेर पडणे क्षणभराच्या चुकीतून आले होते. २०२४च्या संघाबाबत असा एकही क्षण दाखवता येत नाही. पाच स्पर्धांत गुण आणि गोल दोन्ही शून्य राहण्याची ही पहिलीच वेळ, आणि आकड्यांचा निवाडा इथे बरोबर आहे : आशियाई करंडकातली भारताची ही सर्वांत वाईट कामगिरी होय.

शेजारच्यांकडे पाहिले की ही कामगिरी अधिक बोचते. १३ ऑगस्ट २००८ रोजी दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियममध्ये भारताने ताजिकिस्तानला ४-१ ने हरवून एएफसी चॅलेंज करंडक जिंकला. छेत्रीचे तीन गोल, आणि २०११च्या स्पर्धेचे तिकीट. तोच ताजिकिस्तान, जेमतेम एक कोटी वस्तीचा, २०२४ साली पहिल्यांदाच आशियाई करंडकात उतरला आणि थेट उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. वाटेत त्याने बाद फेरीत संयुक्त अरब अमिरातीला पेनल्टींवर हरवले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मलेशियातली जी स्पर्धा भारताने एका सामन्यात गमावली, ती ताजिकिस्ताननेच जिंकली होती. सीरियाचा संघ वर्षानुवर्षे युद्धामुळे आपल्या देशात सामना खेळू शकलेला नव्हता. भारताला हरवून तो पहिल्यांदाच बाद फेरीत गेला. पॅलेस्टाइननेही त्याच स्पर्धेत पहिल्यांदा बाद फेरी गाठली. या संघांपुढे पैशाचे, मैदानांचे, प्रवासाचे जे प्रश्न होते, त्यांच्या तुलनेत भारतीय संघाच्या अडचणी सुसह्यच म्हणाव्या लागतील.

उझबेकिस्तानचे उदाहरण भारताला अधिक उपयोगी आहे, कारण ते योजनेचे उदाहरण आहे. १९९१ साली स्वतंत्र झालेल्या, साडेतीन कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या या देशाने वयोगटांच्या संघांवर सातत्याने भर दिला. मार्च २०२३ मध्ये घरच्या मैदानावर त्याने २० वर्षांखालील आशियाई करंडक जिंकला. त्या स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू होता फैझुल्लाएव्ह, म्हणजे दहा महिन्यांनी भारताविरुद्ध चौथ्या मिनिटाला गोल करणाराच मुलगा. वयोगटातून वरच्या संघात येण्याची वाट तिथे मोकळी आहे आणि ती गोल करणाऱ्यांसाठीही मोकळी आहे. जून २०२५ मध्ये उझबेकिस्तान पहिल्यांदाच विश्वचषकाला पात्र ठरला. भारताच्या २०१७च्या १७ वर्षांखालील संघातले सुरेश सिंग वांगजाम आणि राहुल के.पी. कतारच्या संघात होते, जॅक्सन सिंग दुखापत नसती तर असता. यजमान म्हणून एकदा विश्वचषक मिळाला तेव्हा मुलांचा एक संघ वर्षानुवर्षे एकत्र ठेवला गेला आणि त्यातून काही राष्ट्रीय खेळाडू मिळाले. पुढच्या तुकड्यांसाठी तेवढी मेहनत घेतली गेली नाही.

संस्था टिकत नाहीत, हा भारतीय फुटबॉलचा जुना रोग, आणि महाराष्ट्राने तो जवळून पाहिला आहे. १८९१ साली सुरू झालेला रोव्हर्स करंडक मुंबईच्या कूपरेजवर शतकभर खेळला गेला आणि २०००-०१ नंतर बंद पडला. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये मिटला. पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स, मुंबई एफसी हे सगळे पुढच्या काही वर्षांत गेले. एफसी पुणे सिटीची जागा २०१९ साली हैदराबादला गेली. क्लब मिटतो तेव्हा पहिला संघ दुसरीकडे नोकरी शोधतो, पण त्या क्लबच्या अकादमीतल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांना दुसरा क्लब नसतो. पुण्यातल्या मुलाने आज व्यावसायिक स्ट्रायकर व्हायचे ठरवले, तर त्याला वरच्या लीगमधला क्लब आपल्या शहरात सापडत नाही. गोव्यात हे चित्र बरे आहे. कतारच्या संघात ब्रँडन फर्नांडिस आणि लिस्टन कोलासो हे दोन गोवेकर होते. मात्र साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी २०१६ साली राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतल्यापासून तिथलीही वीण विरळ झाली आहे.

कतारनंतरची घसरण वेगाने झाली. फेब्रुवारी २०२४ च्या क्रमवारीत भारत ११७वा. मार्चमध्ये विश्वचषक पात्रता फेरीत अफगाणिस्तानशी ०-० बरोबरी, मग गुवाहाटीत त्याच अफगाणिस्तानकडून १-२ हार. त्या सामन्यातला भारताचा एकमेव गोल छेत्रीने, आपल्या दीडशेव्या सामन्यात, पेनल्टीवर केला. ६ जूनला कोलकात्यात कुवेतशी ०-० बरोबरी आणि छेत्रीची निवृत्ती. ११ जूनला दोहात कतारविरुद्ध छांगटेने भारताला आघाडी मिळवून दिली होती, पण ७३व्या मिनिटाला गोलरेषेच्या बाहेर गेलेला चेंडू आत ओढून केलेला गोल पंचांनी ग्राह्य धरला आणि सामना १-२ असा गेला. हा अन्याय होता, यात शंका नाही. मात्र त्या एका सामन्यावर अवलंबून राहण्याची वेळ संघाने अफगाणिस्तानविरुद्ध गुवाहाटीत स्वतःवर आणली होती. १७ जूनला स्टिमॅच यांना पदावरून दूर करण्यात आले.

त्यांच्या जागी आलेले मनोलो मार्केझ त्याच काळात एफसी गोवाचेही प्रशिक्षक होते. देशाचा संघ अर्धवेळ जबाबदारी म्हणून सोपवता येतो, असे महासंघाला वाटले, यातच त्याच्या प्राधान्यक्रमाचे उत्तर आहे. मार्च २०२५ मध्ये निवृत्त छेत्रीला परत बोलावण्यात आले, कारण चाळिशीतल्या त्याच्याखेरीज गोल करणारा दुसरा सापडला नव्हता. २०२४-२५च्या लीगमध्ये भारतीयांत सर्वाधिक गोल त्याचेच होते. शिलाँगमध्ये बांगलादेशशी ०-०, जूनमध्ये हाँगकाँगकडून ०-१, मार्केझ यांचा निरोप आणि जुलैमध्ये क्रमवारीत १३३वे स्थान. त्याच जुलैत लीगचा पुढचा हंगाम व्यापारी हक्कांच्या कराराच्या पेचात अडकून स्थगित झाला. खालिद जमील यांनी सूत्रे घेतल्यावर मध्य आशियातल्या स्पर्धेत भारताने ताजिकिस्तानला त्याच्या मैदानावर २-१ ने हरवले आणि ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरे स्थान मिळवले. प्रशिक्षक बदलल्याने थोडी उभारी आली. पुढचा आघाडीवीर आला नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरविरुद्ध छांगटेने चौदाव्या मिनिटाला गोल करून भारताला पुढे नेले. सोंग उई-यंगने मध्यंतराच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन गोल केले आणि सामना १-२ असा संपला. २०२७ सालचा आशियाई करंडक सौदी अरेबियात होणार आहे. त्यातल्या २४ संघांत भारत नाही.